वाळवणाच्या गच्चीवरचं ऊन: एका जलरंग व्यक्तिचित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातल्या एका तीन मजली चाळीचा पुनर्विकास ठरला आणि मे अखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या, असं नक्की झालं. तिथल्या एका कुटुंबाला जाण्याआधी एक चित्र करून घ्यायचं होतं. घरातल्या आजी (वय ७८) गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालताहेत, एवढाच विषय. फोटो घरात भरपूर होते. त्यांना जलरंग हवा होता, तोही घोटून केलेला नको. ऊन जाणवेल असा, मोकळ्या हाताचा. आकार अर्धा इम्पिरियल, म्हणजे १५ × २२ इंच. मार्चअखेर बोलणं झालं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात चित्र द्यायचं ठरलं.

काम हाती घेतलेली चित्रकर्ती दादरची. निसर्गचित्रात तिचा हात चांगला बसलेला होता. व्यक्तिचित्रं मात्र तोवर तिने घरात, खिडकीच्या उजेडातच केली होती. उघड्यावरच्या उन्हात बसलेलं माणूस हा तिसराच प्रकार असतो, हे पुढे लक्षात येईलच. नावं आणि ओळखीच्या खुणा इथे गाळल्या आहेत.

उन्हाचं चित्र म्हटलं की बहुतेकांचा हात पिवळ्या रंगाकडे जातो. जलरंगात ऊन म्हणजे मुख्यतः कोरा कागद, आणि तो उन्हासारखा दिसतो की नुसता रिकामा, हे शेजारच्या सावलीचा टोन, म्हणजे तिचा गडद-फिकेपणा, ठरवतो. सावलीचा हा निर्णय ब्रश ओला करण्याआधी घ्यावा लागतो. या प्रकरणात पहिल्या चित्राच्या वेळी तो घेतलाच गेला नाही आणि दुसऱ्या वेळी नीट घेतला गेला. म्हणून दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

जागा

गच्चीला वॉटरप्रूफिंगच्या वेळी पांढरं चिनी मोझेक, म्हणजे चकचकीत टाइल्सचे तुकडे, बसवलेलं. कमरेइतका कठडा, एका बाजूला जिन्याच्या खोलीची पिवळसर भिंत, दुसरीकडे पाण्याची काळी टाकी. आजी बुटक्या पाटावर बसणार, अंगात मोतिया रंगाची सुती साडी, तिला किरमिजी काठ, डोक्यावर पदर, डोळ्यांना चष्मा. समोर जुन्या धोतरावर पापडांच्या रांगा.

मुंबईतल्या गच्च्यांवर पांढरं चिनी मोझेक इतकं नेहमीचं आहे की त्याच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. पण चित्रकाराच्या दृष्टीने तो खालून लावलेला दिवा आहे. जमिनीवर पडलेलं ऊन वर फेकलं जातं आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, पदराच्या आत अशा सगळ्या सावलीच्या जागांत शिरतं. सावली पातळ होते. डोळ्याला ती सुंदर, भरून आलेली दिसते. कागदावर मात्र ऊन आणि सावलीतलं अंतरच उरत नाही.

पहिलं चित्र आणि अडचण

पहिली बैठक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाली. पापड लाटून गच्चीवर येईपर्यंत अकरा वाजले. त्या दिवसांत मुंबईत अकराच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून ६० अंशांच्या वर गेलेला असतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जेमतेम निम्मी पडते. (मेच्या मध्यावर तर मुंबईत भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली नाहीशीच होते.) इतक्या उंचावरून येणाऱ्या उन्हात कपाळ, नाकाचा शेंडा आणि खांदे उजळतात; डोळ्यांच्या खोबणी, गाल आणि मान अंधारात जातात. त्यातच आजींच्या डोक्यावर पदर. म्हणजे चेहऱ्याचा तीन चतुर्थांश भाग सावलीत, आणि जमिनीवर सावली म्हणून पाटाभोवती एक आखूड पट्टा.

चित्रकर्तीने थेट मोठ्या कागदावर सुरुवात केली. कागद तिच्याकडचाच होता, गेल्या पावसाळ्याआधी घेतलेला, कपाटावर ठेवलेला. पापड आणि साडीवरच्या उजळ घड्या राखायला तिने मास्किंग फ्लुइड, म्हणजे सुकल्यावर सोलून काढता येणारा रबरासारखा द्रव, लावलं. मग एकामागून एक चार गोष्टी बिघडल्या.

कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, गेलेलं होतं. चांगल्या जलरंग कागदाला जिलेटिन किंवा तत्सम सायझिंग असतं, त्यामुळे रंग काही काळ पृष्ठभागावर राहतो आणि हलवता येतो. दमट हवेत महिनोन्‌महिने उघड्यावर राहिलेल्या कागदात ते ठिकठिकाणी मरतं. वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, टाकला की तिथे टिपकागदासारखे गडद ठिपके उमटतात आणि मग ते पुसले जात नाहीत. आजींच्या गालावर असे सात-आठ ठिपके आले.

दुसरं, मास्किंग. उन्हात तापलेलं मास्किंग फ्लुइड कागदाला घट्ट धरतं. ते सोलताना, सायझिंग नसलेल्या कागदाचा वरचा पापुद्रा सोबत निघाला. पापडांच्या कडा फाटक्या दिसू लागल्या.

तिसरं, वाळण्याचा वेग. कागद थेट उन्हात होता. पातळ वॉश मिनिटाभरात सुकत होता, त्यामुळे गालाच्या वळणावर ओली कडा विरघळवायला वेळच मिळाला नाही. चेहऱ्यावरची प्रत्येक कडा कठोर झाली.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, टोनची. इथे दोन चुका उलट दिशांना झाल्या. उन्हातला कागद डोळे दिपवतो. त्यावर टाकलेली गडद छटा आहे त्यापेक्षा फिकी भासते, म्हणून हात आणखी गडद टाकतो. चेहऱ्यावरची सावली गच्चीवर ठीक वाटली. घरात आणल्यावर काळवंडलेली दिसली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं राखाडी मिश्रण त्वचेवर दोनदा चढलं होतं, त्यामुळे रंगही मेला. साडीच्या बाबतीत बरोबर उलटं झालं. साडी पांढरी आहे या समजुतीने तिची सावली अगदी भीत भीत, फिक्या निळ्याने केली. १ म्हणजे कोरा कागद आणि १० म्हणजे काळा अशी मोजपट्टी धरली, तर साडीची सावली २ वर आणि चेहऱ्याची ८ वर गेली. त्या साडीवर ऊन पडलंय असं कोणालाही वाटलं नसतं.

घरच्यांनी पाहून सूनबाई म्हणाल्या, “ताई, आई ओळखू येतात हो. पण आजारी वाटतात.” प्रतिक्रिया अचूक होती. निळसर राखाडी सावली गव्हाळ त्वचेवर बसली की माणूस आजारीच दिसतं.

त्याच वेळी कुटुंबाकडून आणखी एक मागणी आली: “चेहरा जरा उजळ करता येईल का?” ही मागणी व्यक्तिचित्र करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावी लागते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण या चित्राचा खरा कळीचा मुद्दा तोच निघाला.

कोणते पर्याय होते

आहे ते चित्र सावरायचं, हा पहिला पर्याय. गौशने, म्हणजे अपारदर्शक पांढऱ्याने, साडी आणि पापड पुन्हा उजळवता आले असते. यात कमीपणा काहीच नाही. जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) याच्या उन्हातल्या जलरंगांत अपारदर्शक पांढऱ्याचे फटकारे उघड दिसतात. पण तो ते मोजक्या जागी, शेवटी वापरतो. इथे साडीचा अर्ध्याहून मोठा भाग रंगवावा लागला असता आणि एवढ्या क्षेत्रावर गौश खडूसारखा दिसतो. शिवाय मेलेल्या सायझिंगमुळे चेहऱ्यावरचा गडद रंग उचलताच येणार नव्हता. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा, सकाळच्या उन्हाचे फोटो काढून घरी निवांत रंगवायचं. आजींना त्रास नाही, वेळेचा ताण नाही. अडचण फोनच्या कॅमेऱ्याची. आजकालचे फोन कमी-जास्त एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड घेतलेले, अनेक फोटो आपोआप मिसळून सावल्या उचलतात आणि उजेड दाबतात. म्हणजे चित्रकाराला जे अंतर हवं, नेमकं तेच फोन पुसतो. सावलीतले गरम-थंड रंगही एकसारखे होतात.

तिसरा, पुन्हा प्रत्यक्ष समोर बसून, पूर्ण आकारात, पण चांगल्या कागदावर आणि लवकरच्या उन्हात. आजींची तब्येत पाहता तासभर उन्हात बसवणं योग्य नव्हतं. गुडघेही दुखत होते.

चौथा, मिश्र मार्ग: सकाळी गच्चीवर छोट्या आकारात रंगाचा अभ्यास, सोबत रेखाटन, हाताने लिहिलेल्या नोंदी आणि हाताने एक्स्पोजर ठरवून काढलेले फोटो, अंतिम चित्र घरी. चित्रकर्तीने हा निवडला.

माझ्या मते निवड बरोबर होती, पण त्यात एक धोका असतो. छोट्या अभ्यासात आलेला ताजेपणा मोठ्या चित्रात नक्कल करताना मरतो. त्यावरचा उपाय म्हणजे अभ्यासातून रंग आणि टोन घ्यायचे, फटकारे घ्यायचे नाहीत. मोठ्या कागदावर ब्रशही त्याच प्रमाणात मोठा हवा. अभ्यासाला ६ नंबरचा गोल ब्रश वापरला असेल, तर दुप्पट रुंदीच्या कागदावर १२ किंवा १४.

गच्चीवर काय बदललं

बैठकीची वेळ सव्वाआठ ठरली. त्या वेळी सूर्य साधारण २५ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त लांब पडते. नऊ वाजता तोच सूर्य ३५ अंशांच्या आसपास जातो आणि सावली दीडपटीच्याही खाली येते. म्हणजे पाऊण तासात सावलीचा एक तृतीयांश भाग नाहीसा होतो. ज्याने सावलीचा पाठलाग केला, त्याच्या चित्रात नाकाची सावली सव्वाआठची आणि हाताची सावली नऊची असते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

सकाळी सव्वाआठला ताजे पापड कुठून येणार, ही खरी अडचण होती. ती आजींनीच सोडवली. “आदल्या दिवशीचे पापड दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालावेच लागतात. तेच घालते की.”

चिनी मोझेकचा प्रश्न उरला होता. आजींच्या सावलीकडच्या बाजूला जिथे ऊन पडत होतं, त्या जमिनीवर घरातली जुनी विटकरी सतरंजी पसरली. साधारण चार फूट बाय सहा फूट. फोनच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर हाताने बदलून साडीचा उन्हातला आणि सावलीतला भाग मोजला. उघड्या मोझेकवर फरक दीड स्टॉपच्या आसपास होता, सतरंजी पसरल्यावर सव्वादोनच्या. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, तेव्हा पावणेतीनपटीचा फरक पावणेपाचपट झाला. ऊन वाढलं नाही, सावली खोल झाली. वर सतरंजीचा विटकरी रंग हनुवटीखाली आणि हातांच्या खालच्या बाजूला आला. त्वचेच्या सावलीत जो जिवंतपणा पहिल्या चित्रात नव्हता, तो इथून मिळाला.

उघड्यावरच्या सावलीचं हे व्याकरण पाठ असायला हवं. सावलीतल्या ज्या पृष्ठभागांचं तोंड वर, ते आकाश पाहतात, म्हणून निळसर: खांद्यावरच्या साडीच्या घड्या, कपाळाचा वरचा उतार, मांडीचा वरचा भाग. ज्यांचं तोंड खाली, ते जमीन पाहतात, म्हणून उबदार: हनुवटीखालचा भाग, भुवईखालची कड, पदराची आतली बाजू. सगळी सावली एकाच जांभळ्याने भरली की वळणं मरतात आणि माणूस कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

चित्रकर्ती जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसली आणि कागदही सावलीत ठेवला. आधी तळहाताएवढी दोन रेखाटनं, फक्त तीन टोनमध्ये. मग ७.५ × ११ इंचावर रेखाटन. त्यात सावलीची कड पहिल्या पाच मिनिटांत, एका दमात, पूर्ण आखून टाकली: पदराची कपाळावर पडलेली सावली, चष्म्याच्या काचेची गालावरची सावली आणि तिच्यात काचेतून एकवटून पडलेला उजेडाचा ठिपका, हाताची धोतरावर पडलेली सावली, पाटापासून पसरलेली लांब सावली. त्यानंतर प्रत्यक्षात काहीही सरकलं तरी आखलेल्या रेषेला हात लावायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आजी वीस मिनिटं बसल्या, मग सावलीत जाऊन पाणी प्यायल्या, आणि पुन्हा थोडा वेळ. त्यानंतर साडीच्या घड्यांसाठी नात तीच साडी नेसून पाटावर बसली. घड्या कापडाच्या आणि बसण्याच्या पद्धतीच्या असतात, त्या दुसऱ्या अंगावरून घेता येतात. मानेचा बाक, कानापासून खांद्यापर्यंतची रेषा आणि पापड उलटवतानाची बोटं मात्र आजींकडूनच घ्यावी लागतात. ओळख तिथे असते. दहा फुटांवरून आपण माणूस ओळखतो ते पापण्यांवरून नव्हे.

‘उजळ’ करण्याचा प्रश्न

आता ती मागणी. चित्रकर्तीला ती मनातून खटकली होती, पण नुसतं नाही म्हणून ग्राहकाचं समाधान होत नाही. तिने पोस्टकार्डाएवढ्या दोन कागदांवर तेच डोकं आणि खांदा केला. एकात त्वचा आहे तशी, उन्हातली ४ वर. दुसऱ्यात मागणीप्रमाणे २ वर.

हे अंतर समजून घेण्यासारखं आहे. पांढरं सुती कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत फेकतं. गव्हाळ-सावळी त्वचा साधारण एक पंचमांश. सावलीत प्रकाश चार-पाचपट कमी झाला, की सावलीतली पांढरी साडी आणि उन्हातली त्वचा जवळजवळ एकाच टोनवर येतात. डोळे किलकिले करून पाहिलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. भारतीय माणूस पांढऱ्या कपड्यात, उन्हात रंगवायचा असेल, तर हा धागा सोडून चालत नाही. परदेशी पुस्तकांतल्या गुलाबी त्वचेच्या कृती इथे फसतात त्याचं कारण हेच: त्या कृतींत त्वचा बरीच वरच्या टोनवर बसवलेली असते.

आता त्वचा २ वर नेली तर काय होतं? साडीच्या सावलीला तिच्याशी नातं राखायला तीही वर जावी लागते. मग ती उन्हातल्या साडीला भिडते आणि ऊन गायब होतं. नातं न राखता सावली ४ वरच ठेवली, तर साडी मळकी दिसते. दोन्ही परिणाम त्या दुसऱ्या कार्डावर स्पष्ट दिसत होते. कार्डं समोर ठेवल्यावर सूनबाईंनी काही न बोलता पहिलं उचललं. आजी म्हणाल्या, “ही मी उन्हात बसलेय. ती दुसरी कोण?”

ग्राहकाशी वाद घालण्याऐवजी त्याला दोन्ही गोष्टी रंगात दाखवणं हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी निर्णय होता. अर्ध्या तासाचं काम.

अंतिम चित्र

कागद नवा घेतला: ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत. आधी एका कोपऱ्यावर पातळ इंडिगोचा वॉश देऊन ठिपके उमटतात का ते पाहिलं. मग कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर गमटेपने, म्हणजे पाणी लावून चिकटवायच्या कागदी टेपने, ताणला आणि आडवा ठेवून रात्रभर वाळू दिला. एप्रिलच्या दमट हवेत घाई केली तर टेप एका बाजूने सुटतो. बोर्ड उभा ठेवला तर पाणी खाली उतरून खालचा टेप सुकतच नाही.

पहिला वॉश उजेडाच्या कुटुंबाचा, म्हणजे उन्हातल्या फिक्या रंगांचा. यलो ऑकर आणि थोडा पर्मनंट रोझ, पातळ, चेहरा आणि हातांवर; पण सावलीच्या जागाही न वगळता, सलग. पापडांवर यलो ऑकरचा अगदी पुसट हात. भिंतीवर ऑकर आणि किंचित कोबाल्ट. उन्हातली साडी, चष्म्याच्या काचेवरची चमक आणि पदराबाहेर आलेल्या पांढऱ्या केसांची कड इथे कोरा कागद. मास्किंग वापरलं नाही. ब्रशने वळसा घालून सोडलेल्या कोऱ्या जागेची कड जास्त सजीव येते. हा वॉश पूर्ण, हाताच्या पालथ्या बाजूला गार लागणार नाही इतका, सुकू दिला.

दुसरा वॉश म्हणजे सगळं चित्र. आधी तीन वाट्यांत रंग कालवून ठेवले, प्रत्येकी दोन मोठे चमचे: कोबाल्ट ब्लू आणि पर्मनंट रोझचा थंड जांभळा, बर्न्ट सिएना आणि पर्मनंट रोझचा उबदार तांबूस, कोबाल्ट आणि यलो ऑकरचा तटस्थ राखाडी-हिरवट. मध्येच रंग संपला आणि पुन्हा कालवत बसलं, तर तोवर कड सुकून रेघ पडते. दुसऱ्यांदा कालवलेला रंग तंतोतंत जुळतही नाही. बोर्डाला साधारण पंधरा अंशांचा उतार दिला आणि छताचा पंखा बंद केला.

पदराच्या आतून सुरुवात. वर थंड, कपाळावर येताच तांबूस, गालावर तसाच, हनुवटीखाली सतरंजीचा परावर्तित रंग म्हणून बर्न्ट सिएना जवळजवळ शुद्ध. तिथून ब्रश न उचलता मानेवर, खांद्याच्या घड्यांत थंड जांभळा, घडीच्या पोटात तटस्थ, दंडावर पुन्हा तांबूस, पाटावरून खाली जमिनीवरच्या सावलीत थंड. चेहरा, साडी, पाट, जमीन अशा चार वस्तू, पण सावली एकच. रंग प्रत्येक ठिकाणी बदलला, टोन फार बदलला नाही. आपल्या हाताला वस्तू वेगळ्या करून रंगवायची सवय असते आणि ती मोडायला वेळ लागतो. इथेच बहुतेक विद्यार्थ्यांचं ऊन हरवतं: चेहऱ्याची सावली संपली की थांबतात, सुकू देतात, मग साडी घेतात, आणि सावलीचे तुकडे होतात.

टोन मुद्दाम एक पायरी गडद टाकला, कारण जलरंग सुकल्यावर फिका पडतो. साडीची सावली ओली असताना ५ वर होती, सुकून ४ वर आली. ओली असताना ती भीतीदायक गडद दिसते. तेव्हा हात आवरणं अवघड असतं.

कडा तीन प्रकारच्या. पदराची कपाळावर पडलेली सावली कठोर, कारण पडछाया आहे. गाल वळतो तिथे ओलसर, स्वच्छ ब्रश फिरवून मऊ. उजेडाकडचा खांदा आणि मागची उन्हातली भिंत यांच्यामध्ये कडच नाही. दोन्ही उजळ, म्हणून तिथली रेषा सोडून दिली. घरच्यांपैकी एकाने “खांदा अर्धवट राहिलाय का?” असं विचारलं. तो तसाच ठेवला, आणि माझ्या मते चित्राला श्वास मिळाला तो तिथे. उन्हात डोळ्यालाही ती रेषा दिसत नाही.

साडीच्या सावलीत एक अपघात झाला. अर्धवट सुकलेल्या वॉशमध्ये भरलेला ब्रश परत गेला आणि पाण्याने रंग ढकलून दातेरी कडेचा डाग, म्हणजे बॅकरन, आला. त्या क्षणी काहीही केलं की डाग वाढतो. ती थांबली. पूर्ण सुकल्यावर डागाची एकच बाजू ओलसर ब्रशने मऊ केली, दुसरी तशीच ठेवली. आता तो साडीची चुणी वाटतो.

शेवटी गडद जागा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवून: चष्म्याची दांडी, नाकपुडी, ओठांमधली रेघ, पाटाखालची फट, मागच्या टाकीचा एक तुकडा. डोळे चष्म्याच्या सावलीत दोन फटकाऱ्यांवर सोडले.

सावळाराम हळदणकरांचा ‘ग्लो ऑफ होप’ हा जलरंग म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यात दिव्याचा उजेड आहे, ऊन नव्हे. तरी ज्याला उन्हातलं माणूस रंगवायचंय त्याने तो जरूर अभ्यासावा: बोटांमधून येणारा उजेड खरा वाटतो तो भोवतालचे टोन किती संयमाने खाली ठेवलेत त्यामुळे.

निकाल

चित्र ठरल्या आठवड्यात दिलं गेलं आणि कुटुंबाने ते स्वीकारलं. आजारी दिसण्याची तक्रार पुन्हा आली नाही. पहिलं चित्र चित्रकर्तीने फाडलं नाही. शिकवताना दोन्ही शेजारी लावते.

फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालून काच आणि कागद यांच्यात फट ठेवली. काच कागदाला टेकली की पावसाळ्यात आतल्या आत दव धरतं आणि बुरशी येते. माउंट आणि पाठीमागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री घेतला. नव्या जागी बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका, खिडकीच्या थेट समोरही नको, असं लिहून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

कागदाची चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. मुंबईत जलरंग कागद हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवा ठेवावा. तरी पावसाळा ओलांडलेला प्रत्येक ताव संशयित धरावा.

पहिल्या भेटीत रंग न नेता फक्त पेन्सिल न्यायला हवी होती. ऊन कुठून येतं, किती वाजता कठड्यावरून आत येतं, जमीन कसली आहे, हे पाहिलं असतं तर अकराची वेळ तेव्हाच रद्द झाली असती. आजींची एक बैठक वाचली असती.

सतरंजीचा रंग थोडा जास्तच विटकरी निघाला. अंतिम चित्रात हनुवटीखालचा भाग एखाद्या छटेने अधिक लाल आहे. मातकट किंवा खाकी चादर चालली असती.

काठाचा रंग ही सर्वांत गंभीर गोष्ट, कारण ती कोणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. किरमिजी काठासाठी जुन्या सेटमधला अलिझारिन क्रिमसन वापरला गेला. ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक होता. हे रंगद्रव्य उजेडात विटतं, आणि पातळ थरात तर लवकर. चित्र देण्याआधी ट्यूबा आवरताना ते ध्यानात आलं. काठ पुसून काढणं शक्य नव्हतं, कारण हा रंग कागदाला धरून बसतो. म्हणून त्यावर पर्मनंट रोझ, म्हणजे पीव्ही १९, आणि किंचित बर्न्ट सिएना असे दोन पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, दिले. खालचा अलिझारिन त्यामुळे विटायचा थांबणार नाही, पण तो गेला तरी वर काठ शिल्लक राहील. ग्लेझमुळे काठ थोडा जड झाला आहे. घराण्यात राहणारं चित्र असेल तर रंग कालवण्याआधी प्रत्येक ट्यूबवरचा रंगद्रव्य क्रमांक वाचावा, आणि पीआर ८३ असलेली ट्यूब सरावाच्या डब्यात टाकावी.